ब्रेडला मस्का लावा

ही हकीकत सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. टाळायला फार कष्ट पडले नाहीत, कारण कोणी खोलात शिरून विचारतच नव्हतं. विचारायचे ते एवढंच, "सर, ही सँडविचची कल्पना तुम्हाला सुचली कशी?" त्यावर माझं ठरलेलं उत्तर होतं, "असंच, एकदा दुपारी जेवताना."

हे उत्तर खोटं नाही. फक्त जेवत दुसरेच होते.

मी कारखान्यात पर्सोनेल खात्यात होतो आणि पुढे आयटी कंपन्यांतल्या मुलांना शिकवू लागलो. माझा एक तास पुण्यात गाजला. मुलांना टोमॅटो सँडविचची कृती कागदावर लिहायला सांगायची आणि त्यांनी जे लिहिलंय तेच, शब्दाला शब्द, सगळ्यांसमोर करून दाखवायचं. मुलं पोट धरून हसतात आणि सूचना कशी लिहू नये हे जन्मभर विसरत नाहीत. या एका तासावर माझं म्हातारपण निघालं. शाल मिळाली, नारळ मिळाला, ‘सँडविचवाले सर’ असं नावही मिळालं. तो तास माझा नव्हता. ज्यांचा होता त्यांना आम्ही मेथडवाले म्हणायचो, कारण ते मेथड डिपार्टमेंटला होते. कुठला सुटा भाग कुठल्या क्रमाने कसा बनवायचा, हे ठरवणारं ते खातं. तिथे आणखीही तिघं होते, पण मेथडवाले म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे यायचा.

मूळचे अकोल्याचे. पण पुण्यात इतकी वर्षं काढली होती की पेठेतल्या माणसाला टोमणा कसा मारावा हे ते शिकवू शकले असते. बोलणं एकदम छापील. फक्त मनापासून दुखावले तरच तोंडून एखादा वऱ्हाडी शब्द निसटायचा. मी तो आमच्या सबंध ओळखीत एकदाच ऐकला. त्याबद्दल पुढे येईलच.

गुढीपाडवा झाला की ते पोळीभाजीचा डबा बंद करायचे. मृग लागेपर्यंत दुपारच्या जेवणाला रोज टोमॅटो सँडविच. घरून करून आणायचं नाही. "डब्यात आणलेलं सँडविच म्हणजे ओला टॉवेल," असं त्यांचं मत होतं. सगळं सामान सुटं यायचं आणि कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर मांडलं जायचं. फडक्यात गुंडाळलेला ब्रेड, दोन गावरान टोमॅटो, मिठाची डबी, मिरपूड आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली, लाकडी मुठीची एक सुरी. मस्का मात्र सोबत नसायचा, कारण उन्हाळ्यात बिबवेवाडीहून कंपनीच्या बसने आणेपर्यंत त्याचं तूप व्हायचं. म्हणून त्यांनी मस्क्याची डबी प्रथमोपचाराच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवली होती. सिस्टर चिडल्या.

"अहो, धनुर्वाताच्या इंजेक्शनांशेजारी मस्का?"

"इंजेक्शनांची काही तक्रार आहे का?"

"ती काय बोलणार?"

"मग त्यांच्या वतीने तुम्ही बोलू नका."

डबी तिथेच राहिली. पुढे सिस्टरच दर सोमवारी "मस्का संपत आलाय हो" म्हणून निरोप पाठवू लागल्या.

टोमॅटो कुठला हा त्यांच्या दृष्टीने नैतिक प्रश्न होता. नव्याने बाजारात आलेल्या लांबट, टणक टोमॅटोंचा त्यांना मनस्वी राग. "टेम्पोतून पडला तरी फुटत नाही. तो टोमॅटो नव्हे, स्पेअर पार्ट आहे." काकडी, बीट, बटाटा, हिरवी चटणी घातलेल्या गाडीवरच्या सँडविचला ते भाजीमंडई म्हणत. टोमॅटोच्या चकत्या कापून झाल्या की ताटलीत तिरक्या लावून त्यांवर मीठ भुरभुरायचे आणि हात मागे बांधून उभे राहायचे. कोणी विचारलं, "काय बघताय?" तर म्हणायचे, "रडू द्या त्याला. आधी रडला की नंतर ब्रेडच्या गळ्यात पडून रडत नाही." तोवर मस्का ब्रेडच्या पार कडेपर्यंत लावायचा. "मस्का चवीसाठी नसतो. वॉटरप्रूफिंग आहे ते. गच्चीला कोपरा सोडून डांबर लावता का तुम्ही?" मग चकत्यांचं पाणी निथळून, फडक्याने टिपून, वर मिरपूड. खायचं मात्र बसून नाही. हात धुवायच्या बेसिनपाशी जायचं, खिशातलं पेन काढून ठेवायचं आणि कमरेत वाकून, मान पुढे काढून खायचं. कोपरापर्यंत रस ओघळायचा. मागून पाहणाऱ्याला वाटायचं, गृहस्थांना उलटी होतेय. नवा आलेला एक इंजिनिअर एकदा धावत जाऊन त्यांची पाठ चोळू लागला होता.

या खाण्यापायी एकदा घोटाळाही झाला. टोमॅटोची एक बी त्यांच्या बाहीला चिकटली, तिथून एका ड्रॉइंगवर पडली आणि वाळून छान गोल काळा ठिपका झाला. ड्रिलिंगच्या माणसाने त्या जागी भोक पाडलं. एका नव्हे, सबंध खेपेतल्या तुकड्यांना. सुपरवायझर त्या माणसावर तुटून पडला, तसे मेथडवाले मध्ये आले.

"त्याचं काय चुकलं? ड्रॉइंगवर भोक होतं, त्याने भोक पाडलं."

"अहो, ती बी होती!"

"मग बीला मेमो द्या."

मेमो अर्थात बीच्या मालकाला मिळाला. तो त्यांनी सही करून घेतला आणि खाली लिहिलं, ‘ड्रिलिंगचं काम उत्कृष्ट.’

देशाची दारं उघडल्याचे ते दिवस होते. परदेशी गिऱ्हाईक माल घ्यायला तयार होतं, पण त्याला गुणवत्तेचं सर्टिफिकेट हवं होतं. त्यासाठी मंत्र एकच. जे करता ते लिहा, आणि जे लिहिलंय तेच करा. साध्या भिंती रंगवण्यापासून तेल घालण्यापर्यंत प्रत्येक कामाची लेखी कृती पाहिजे. आमचे कामगार काम झकास करायचे, पण लिहायला बसले की ‘योग्य ती काळजी घेऊन योग्य ते काम योग्य पद्धतीने करावे’ अशी वाक्यं यायची. हे असं लिहायला त्यांना आम्ही साहेब लोकांनीच शिकवलं होतं.

शेवटी मोठ्या साहेबांनी लिहायला शिकवण्याचं काम मेथडवाल्यांकडे दिलं. त्यात एक आशाही गुंतलेली होती. कंपनीत ड्रॉइंगसाठी कॉम्प्युटर येत होते, मेथड खातं बंद होणार हे उघड होतं, आणि त्याच वेळी ट्रेनिंगचं नवं खातं निघणार होतं. मेथडवाल्यांची मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. बसमध्ये एकदा ते मला म्हणाले होते, "पर्सोनेल, ते ट्रेनिंगचं मला मिळालं तर बरं होईल. दुसरं मला कोणी ठेवून घेणार नाही. माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे." मी "बघू या की" म्हणालो होतो. पर्सोनेलमध्ये आम्ही सगळ्यांनाच असं म्हणायचो.

कॅन्टीनमध्ये भरणाऱ्या पहिल्या वर्गाला साहेब लोकांनी आदर्श घालून द्यावा, असा हुकूम निघाला. विषय फळ्यावर लिहिलेला होता, टोमॅटो सँडविच. मी म्हटलं, यात काय कठीण आहे? भराभर लिहिलं आणि कागद दिला. मेथडवाल्यांनी चष्मा लावून पहिली ओळ मोठ्याने वाचली.

"‘ब्रेड घ्या.’" त्यांनी बंद पुडका उचलून काखेत घेतला. "घेतला. पुढे. ‘ब्रेडला मस्का लावा.’"

त्यांनी पुडका खुर्चीवर नीट बसवला, त्याच्यासमोर कमरेत वाकले आणि हात जोडले.

"अहो ब्रेडसाहेब, काय आपलं ते रूप! काय तो मऊपणा! आपण आलात आणि या कंपनीला दिशा मिळाली. आपल्याशिवाय इथलं पानसुद्धा हलत नाही साहेब. आम्ही काय, आपल्या हाताखालची लेकरं!"

कॅन्टीन कोसळलं. कारण ही वाक्यं मी गेल्या स्नेहसंमेलनात मोठ्या साहेबांना उद्देशून माइकवर म्हटली होती. लेकरांसकट.

"पुढे. ‘टोमॅटो सोलून काढा.’" त्यांनी टोमॅटो हातात धरला आणि त्याच्यावर डोळे वटारले. "लाज नाही वाटत? इतका लाल होतो आणि कामाचं नाव नाही! पगार कशाचा घेतोस रे? बघतोयस काय असा? खाली मान घाल!" मग माझ्याकडे वळून अत्यंत नम्रपणे, "आणखी सोलू का एवढ्यात पुरे?"

"पुरे," मी म्हणालो.

"‘वरून मीठ चोळा.’ चोळतो. जखम कोणाची घेऊ?"

मागून एकजण ओरडला, "पर्सोनेल साहेबांची घ्या! ताजी आहे!"

माझे कान तापले होते. त्यानंतर बरेच दिवस गेटवरचा वॉचमनसुद्धा मला पाहून ओठ दाबायचा. संध्याकाळी बसमध्ये मेथडवाले माझ्या शेजारी येऊन बसले. मला वाटलं, दोन शब्द सांत्वनाचे बोलतील. म्हणाले, "तुमचा कागद फार मोलाचा होता. एकही ओळ बरोबर नाही. असा विद्यार्थी शोधून सापडत नाही हो."

पण त्यांच्या वर्गाने जादू झाली खरी. कामगार एकमेकांच्या कृतींवर शब्दाशब्दाला अडून बसू लागले. ‘योग्य’ हा शब्द कारखान्यातून हद्दपार झाला. सगळे इतकं खरं लिहू लागले की प्रेसच्या एका मशीनच्या कृतीत आलं, ‘चालू न झाल्यास उजव्या बाजूस खालच्या पत्र्यावर पायाने एक मध्यम लाथ द्यावी. जोरात देऊ नये, बिघडते.’

सर्टिफिकेट देणारा परदेशी परीक्षक मे महिन्यात आला. उंच, आणि उन्हाने टोमॅटोसारखा झालेला. त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून अर्थ सांगायला मी बरोबर. मोठ्या साहेबांनी मला आधीच बाजूला घेऊन बजावलं होतं, "ते बेसिनवर वाकून खाणारं ध्यान आज पाहुण्यांसमोर आणू नका." मेथडवाल्यांना मी सांगितलं, आज जरा उशिरा जेवा. ते म्हणाले, "पोटाला कळवतो."

परीक्षक त्या लाथेपाशी थांबला. मी अर्थ सांगितला. त्याने ऑपरेटरला लाथ देऊन दाखवायला सांगितली. ऑपरेटरने दिली, मध्यम. मशीन सुरू झालं. मोठ्या साहेबांनी डोळे मिटून घेतले. आणि परीक्षक म्हणाला, अमुक इतके कारखाने पाहिले, पण इतका प्रामाणिक कागद कुठे पाहिला नाही. यांना असं लिहायला कोणी शिकवलं?

मी मोठ्या साहेबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत म्हणालो, "आम्ही."

"आम्ही म्हणजे तुम्ही?"

"हो," मी म्हणालो.

मी याची पुष्कळ कारणं स्वतःला देऊन पाहिली. साहेबांचा हुकूम होता. मला तो अपमान सलत होता. घाईत निघून गेलं. यातलं एकही कारण टिकत नाही. विचारलं दोनदा होतं, आणि दुसऱ्यांदा मला घाई नव्हती.

परीक्षकाला त्या शिकवण्याचं प्रात्यक्षिक पाहायचं होतं. आम्ही कॅन्टीनमध्ये गेलो. कोपऱ्यातल्या टेबलावर सामान मांडलेलंच होतं. फडक्यातला ब्रेड, उरलेला टोमॅटो, सुरी. त्याला कृती लिहायला सांगितली आणि मी ती करून दाखवू लागलो. ब्रेडला खुर्चीवर बसवलं, हात जोडले आणि इंग्रजीत त्याची तारीफ सुरू केली. मला धास्ती होती की त्याला समजणार नाही. पण मस्का लावायची पद्धत त्यांच्या भाषेतही आहे, हे त्या दिवशी कळलं. तो गोरा माणूस टेबलावर हात आपटून हसत होता. सोलून काढण्यातली गंमत इंग्रजीत बसत नव्हती, तरी मी टोमॅटोला रागावलो. शब्दही तेच, खाली मान घालायला लावणंही तेच. मला हे सगळं तोंडपाठ होतं, याचं मलाच नवल वाटलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मी मान वर केली तर बेसिनच्या बाजूच्या दारात मेथडवाले उभे होते. ते खात होते तिथून आवाज ऐकून आले असावेत. कोपरावरून रस ठिपकत होता. टाळ्या वाजवायला त्यांचे हात मोकळे नव्हते. अर्धं सँडविच होतं हातात.

सर्टिफिकेट मिळालं. ट्रेनिंगचं खातं निघालं आणि त्याचा प्रमुख मी झालो. परीक्षकाने अहवालात माझं नावच घातलं होतं, त्यामुळे कोणाला विचार करायची वेळच आली नाही. मेथड खातं बंद झालं. मेथडवाल्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यात स्वेच्छा कोणाची, ते लिहायचं राहून जातं.

शेवटच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. मी काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. ते एकच शब्द म्हणाले.

"काहून?"

मी म्हणालो, "साहेबांचा निर्णय होता हो."

त्यांनी मान हलवली. "सुरी द्या माझी. तुमच्याकडेच राहिली."

मी ड्रॉवरमधून सुरी काढून दिली. ती त्यांनी वर्तमानपत्रात नीट गुंडाळली आणि गेले.

पुढे मी ती नोकरी सोडली आणि आयटीच्या लाटेत हा तास घेऊन कंपन्याकंपन्यांतून हिंडलो. "सर, हा तर प्युअर अल्गोरिदम आहे!" मुलं म्हणायची. अकोल्याच्या माणसाचा विनोद मी अमेरिकेत जाणाऱ्या बॅचेसना सांगितला. टोमॅटो मात्र मी मंडईतून लांबटच आणायचो. वर्गात फुटत नाहीत म्हणून.

मेथडवाल्यांना मी त्यानंतर एकदाच भेटलो, ते जाण्याच्या आदल्या उन्हाळ्यात. त्यांची तब्येत बरी नसते असं सिस्टरकडून कळलं होतं. कर्वेनगरहून रिक्षा केली आणि वाटेत एक वाक्य घोकत गेलो. ‘तो वर्ग तुमचा होता, मी तो चोरला, माझं चुकलं.’ पुन्हापुन्हा घोकताना आवाज बाहेर पडला असावा. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "काय चोरीला गेलं काका? चौकीवर घेऊ का?"

"नको, बिबवेवाडीलाच चल."

तिसरा मजला. दार वहिनींनी उघडलं. ते खिडकीपाशी बसले होते, निम्मे झालेले, पण नजर तीच.

"या पर्सोनेल. बसा. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय माझं, त्यामुळे टोमॅटो रडत नाही आणि मला खाववत नाही. तुमचं कसं काय?"

"बरं आहे," मी म्हणालो आणि वाक्य जमवू लागलो. तेवढ्यात तेच म्हणाले, "आमच्या मेहुण्याचा मुलगा हिंजवडीला आहे. तुमच्या वर्गाला बसला होता. सांगत होता, एक सर आहेत, ब्रेडला मस्का लावतात. सगळे लोळून हसले म्हणे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी विचारलं, मीठ लावून थांबतात का? तो म्हणाला, नाही, थांबत नाहीत, लगेच ब्रेडमध्ये घालतात. म्हटलं, असू दे. अजून शिकतायत ते."

वहिनी हसल्या. तेही हसले. मीही हसलो. इतकं मोठं दार त्यांनी उघडून ठेवलं होतं, आत फक्त पाऊल टाकायचं होतं. मी कलिंगडाची फोड खाल्ली. मुलीची चौकशी करायच्या आतच वहिनींनी सगळी माहिती दिली, ती पुण्यातच होती, चांगली होती. मग मी उठलो.

ते दारापर्यंत आले. मी दोन पायऱ्या उतरलो आणि थांबलो.

"एक बोलायचं होतं," मी म्हणालो.

"बोला की."

चौकटीला धरून ते उभे होते. घाई नव्हती त्यांना. मला वाटतं, ते वाट पाहत होते.

"तुमच्याकडे," मी म्हणालो, "पाणी किती वाजता येतं?"

त्यांनी चौकटीवरचा हात काढून घेतला.

"सकाळी येतं," मग म्हणाले. "पण तिसऱ्या मजल्यावर चढत नाही. तळमजल्यावरचा मोटर लावतो आणि आमच्या नळाला नुसती हवा. सोसायटीच्या सभेत बोललो मी. सेक्रेटरी म्हणतो, तुम्हीही मोटर लावा. म्हणजे मग दुसऱ्या मजल्यावरच्याने काय करायचं?"

"खरं आहे."

"तुमच्याकडे कसं काय?"

"आमच्याकडे टाकी आहे."

"मग बरं आहे तुमचं," ते म्हणाले. "उतरा जपून. दिवा गेलाय जिन्यातला."

दार लागलं. मी कठड्याला धरून तिथेच उभा राहिलो आणि ते वाक्य म्हटलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकही न गाळता. आत वहिनींनी टीव्ही लावला होता.